बटणांच्या जागी करडे चौकोन

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता उघडकीला आलं की बटणांच्या दुकानातली अकराशे चाळीस बटणं नाहीशी झाली आहेत. लाकडी खणांतला माल जागच्या जागी होता. नाहीशी झाली होती ती दुकानाच्या वेबसाइटवरून. कोटाचं तुटलेलं बटण जुळवायला साइटवर येणाऱ्या माणसाला बटणाचं नाव दिसत होतं, मापं दिसत होती आणि फोटोच्या जागी एक करडा चौकोन.

मालकांचा मला फोन आला. "बाई, जरा येऊन जाता का? तुमच्या त्या चेलीनं घोळ घालून ठेवलाय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, चहात साखर जास्त पडल्यासारखं वाटलं.

ही साइट आठ वर्षांपूर्वी मी उभी केली. छोट्या दुकानांच्या साइट सांभाळणं हाच माझा धंदा. चेली म्हणजे चष्मिष. चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून शिकली, मग बाहेर पडली आणि समोरच्याच रस्त्यावर काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं. चार महिन्यांपूर्वी हे बटणांचं कामही माझ्या हातून तिच्याकडे गेलं. गुरूची विद्या गुरूलाच म्हणतात ती ही. रोज येताजाता ते काचेचं दार दिसायचं आणि माझा तिळपापड व्हायचा.

दुकानात पोचले तर मालक गल्ल्यामागे उभे राहून आरडाओरडा करत होते. त्यांची बायको, धाकटी, स्टुलावर बसून डोळे पुसत होती. मालकांची वहिनी, थोरली, फडकं घेऊन खण पुसत होती. थोरल्या भावाची ही विधवा. दुकानाच्या वरच्या खोलीत राहते, आणि गेलेली अकराशे चाळीस बटणं तिनंच आठ वर्षं एकेक करून पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी मोजपट्टी मांडून टिपलेली. दुर्मीळ मालाचे फोटो तिचे, नव्या रंगीत मालाचे धाकटीचे. धाकटीचे सगळे शाबूत होते.

"गुरुवारी संध्याकाळी व्यापारी मंडळाची बैठक आहे," मालक म्हणाले. "चाळीस दुकानांच्या साइटचं काम तुमच्या चष्मिषला द्यायचं जवळजवळ ठरलंय. मी तिथं उभा राहून सांगणार, हिनं माझं काय केलं ते. मग बघतो तिला या बाजारात कोण उभं करतं. पण सांगण्याआधी पुरावा हवा. तो तुम्ही काढा."

"आणि काढला तर?"

"काम परत तुमचं. माझंही आणि मंडळाचंही. शब्द देतो."

चाळीस दुकानं. मी पदर खोचला.

२

पुढे जाण्याआधी ती चार महिन्यांपूर्वीची बैठक सांगायला हवी, कारण सगळं तिथं सुरू झालं.

साइट संथ झाली होती. ती शेअर्ड होस्टिंगवर होती. म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरवर शेकडो बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एकच नळ. शेजाऱ्यानं बादल्या भरायला घेतल्या की आपल्याकडे धार बारीक. स्वस्त असतं, हवं तसं वागता येतं, एका खात्यात पाच-पाच साइट ठेवता येतात. पण झाडलोट आपली, कुलूपकिल्ली आपली आणि बॅकअपही आपलाच. मी दर शुक्रवारी अख्ख्या खात्याचा बॅकअप माझ्या डिस्कवर घ्यायची. चष्मिष माझ्याकडे होती तेव्हा तीच घ्यायची.

चष्मिष म्हणाली, मॅनेज्ड घ्या. तिथं कंपनीची माणसं सगळं बघतात. साइट वेगात चालते, दुरुस्त्या आपोआप होतात, रोजचा बॅकअप ते स्वतः घेतात आणि तीस दिवस जपून ठेवतात. चुकून काही पुसलं तरी एका फोनवर परत.

मी म्हणाले, कशाला? एवढ्याशा दुकानाला नोकरचाकरांसकट बंगला कशाला हवा? जुनंच चांगलं आहे, मी आहे ना.

आता कबूल करते, तिचंच बरोबर होतं. दुकान वाढलं होतं, परदेशातून गिऱ्हाइकं येत होती, आणि मी शेअर्डची बाजू घेत होते ती फक्त मॅनेज्डवर गेले तर माझी गरज उरणार नाही म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं.

त्या बैठकीत थोरलीनं एकच प्रश्न विचारला होता. "तिथं एका खात्यात किती साइट राहतात?"

"आपण घेतोय त्यात एकच," चष्मिष म्हणाली. "आपल्याला एकच तर हवी."

थोरली गप्प बसली. मला तेव्हा तिचा राग आला होता, की एवढे आकडे आपण तावातावानं मांडतोय आणि ही भलतंच काहीतरी विचारतेय.

महिनाभरात साइट नव्या जागी गेली. जुन्या शेअर्ड खात्याचे वर्षाचे पैसे भरलेले होते, सात महिने शिल्लक होते, म्हणून ते तसंच पडू दिलं. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. सगळे फोटो दिसत होते. थोरलीचेसुद्धा.

मग या सोमवारी ते गेले कुठं?

दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून मी एक करडा चौकोन उघडला आणि त्यामागे फोटोचा जो पत्ता असतो तो पाहिला. मग दुसरा पाहिला, मग दहावा. सगळे सारखे. पत्त्यात दुकानाचं नाव नव्हतं. थोरलीचं होतं.

३

याचा अर्थ असा की ते अकराशे चाळीस फोटो दुकानाच्या साइटमध्ये कधी नव्हतेच. त्याच शेअर्ड खात्यात, पाचांपैकी एक जागा वापरून, थोरलीनं स्वतःच्या नावाची वेगळी साइट केली होती आणि फोटो तिथं ठेवले होते. दुकानाच्या पानांवर होते ते फक्त पत्ते. पान उघडलं की फोटो तिच्या घरातून इकडे दिसायचा.

चष्मिषनं हलवली ती दुकानाची साइट. पत्ते आले, फोटो जुन्याच जागी राहिले. जुनं खातं चालू होतं तोवर कुणाला फरक कळायचं कारण नव्हतं. थोरलीच्या साइटचं ते फोल्डर मी आठ वर्षांत शंभरदा पाहिलं असेल आणि दुकानाचंच काहीतरी असेल म्हणून पुढे गेले असेन. चष्मिषच्या जागी मी असते तर माझीही हीच चूक झाली असती. हे वाक्य लिहायला मला फार जड जातंय, पण खरं आहे.

जुन्या खात्यावर तांत्रिक माणूस म्हणून अजून माझंच नाव होतं. कंपनीच्या मदतनीसाला चॅटवर गाठलं. त्याचं उत्तर आलं: खातं शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कायमचं बंद करण्यात आलं. पासवर्ड बरोबर होता आणि दुकानाच्या मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी कोडही बरोबर टाकला होता.

म्हणजे अपघात नव्हे. कुणीतरी ठरवून बंद केलं होतं. पासवर्ड गल्ल्याच्या फळीला आतून चिकटवलेला, तो सगळ्यांना पाठ. मोबाइल दिवसभर गल्ल्यावर पडलेला.

मी मालकांना विचारलं, "शनिवारी चारला कुठं होतात?"

"मागच्या खोलीत. मासिकवाले आले होते ना, आमच्या दुकानावर लेख करायला. हिचे फोटो काढत होते. मी तासभर तो पांढरा छत्रीसारखा दिवा धरून उभा. हात भरून आले."

"जुनं खातं बंद करायचं तुमच्या मनात होतं का?"

"चार महिने बाकी असताना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना अर्धा साबण फेकून द्यायला सांगितलं होतं. "बाई, मी फाटलेल्या मोज्याचंसुद्धा पुसणं करतो."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मालकांच्या नावावर मी तिथंच काट मारली.

धाकटीला मी बाहेर पायरीवर नेलं. ती अजून नाक ओढत होती, पण जीभ धारदार होती.

"खरं सांगू? ते फोटो गेले तर साइट जरा उजळच दिसेल, असं मी पूर्वी म्हणालेय. सगळे पांढरे-करडे, कंटाळवाणे. पण गिऱ्हाइकं तेच बघतात. 'ते जुने फोटो कोण काढतं हो?' दुकानात येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मी इथं दहा वर्षं उभी आहे, माझ्याबद्दल कुणी विचारत नाही."

"लेख मात्र तुझ्यावर येणार."

"मग? येऊ नये का एकदा तरी?" तिचा आवाज चढला. "आणि त्या दिवशीसुद्धा जाऊबाईंना सोसवलं नाही. त्यांना फक्त पुढच्या खोलीतून बटणांचे ट्रे आणायला सांगितले होते. दोन आणले आणि तिसऱ्याला गेल्या त्या दहा मिनिटं गायब. मासिकवाले ताटकळले."

"फोटोखाली त्यांचं नाव का नाही घातलं कधी?"

धाकटी उठून आत निघाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मला वाटलं, सापडली. जळफळाट तिच्या बोलण्यातून नुसता ओसंडत होता, आणि तो कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको.

४

मंगळवारी मी काचेचं दार ढकललं. आत पहिल्यांदाच गेले. टेबलं पांढरी, खुर्च्या गोल फिरणाऱ्या, कोपऱ्यात एक टवटवीत झाड. माझ्याकडचं झाड ती सोडून गेल्यावर महिन्याभरात वाळलं होतं.

"ताई, बसा," चष्मिष उठून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मी काल दिवसभर शोधत होते. माझ्या लक्षात आलंय काय झालं ते. फोटो बाहेरून येतायत हे मी हलवताना तपासायला हवं होतं. ती चूक माझी."

"खातं तू बंद केलंस?"

"नाही. वर्ष संपेपर्यंत असू दे म्हणाले होते. बंद करायला त्यांचा मोबाइल लागतो, तो माझ्याकडे कुठून येणार?"

खरंच होतं. शनिवारी चारला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याची साइट समजावत बसली होती. दवाखान्याच्या बाईंना मी मुद्दाम फोन करून विचारलं, ती खोटी पडेल या आशेनं. ती खोटी पडली नाही.

"मालक गुरुवारी मंडळात बोलणारेत," मी म्हणाले.

"माहीत आहे." तिनं चष्मा काढून पुसला. "या जागेचा करार मी त्या कामाच्या भरवशावर केलाय. दोन मुली कामाला घेतल्यात. मंडळात नाव खराब झालं की इथं कुणी उभं करणार नाही." मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. काहीतरी मागायचं असावं आणि तोंडात यावं आणि गिळावं, तसं.

"काय?" मी म्हणाले.

"काही नाही, ताई."

तिला काय हवं होतं ते मला कळलं होतं. शुक्रवारचा बॅकअप. अख्ख्या खात्याचा, म्हणजे थोरलीच्या फोल्डरसकट. चार महिन्यांपूर्वीपर्यंतचं एकूण एक बटण त्यात होतं. तो बॅकअप मी गल्ल्यावर नेऊन ठेवला असता तर मालकांचा राग तिथंच ओसरला असता आणि गुरुवारी कुणी काही बोललं नसतं.

पण तो माझ्याकडे नव्हता. ज्या दिवशी काम तिच्याकडे गेलं, त्या संध्याकाळी मी घरी जाऊन डिस्क लावली, बटणांचं फोल्डर निवडलं आणि पुसून टाकलं. का? जागा हवी होती असं तेव्हा मनाला सांगितलं. त्या डिस्कवर अजून निम्मी जागा रिकामी आहे.

५

बुधवारी दुपारी मी थोरलीच्या खोलीत गेले. जिना दुकानातूनच वर जातो. खोलीत एक पलंग, खिडकीशी एक टेबल, टेबलावर पांढरा कागद आणि एक जुना कॅमेरा.

तोवर मी गुन्हेगार धाकटी म्हणून मनाशी नक्की केलं होतं. थोरलीला फक्त विचारायचं होतं, की धाकटीला तुमच्या साइटबद्दल माहीत होतं का.

"कुणालाच नव्हतं," थोरली म्हणाली. "कंपनीला फोन करकरून मीच शिकले. दुकानाच्या साइटवर माझं नाव नव्हतं. म्हटलं, कुठंतरी असावं. नुसती बटणं आणि खाली ती कुठं सापडली ते. कुणी यायचं नाही तिथं. मीच जायची बघायला."

"फोटो तुमच्याकडे आहेत ना? कॅमेऱ्यात?"

"कार्ड छोटं आहे. साइटवर चढवले की पुसते."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. सोमवारपासून मालक ओरडत होते, धाकटी रडत होती, चष्मिषची झोप उडाली होती. आठ वर्षांची मेहनत ज्या बाईची गेली, ती एकटी खण पुसत होती.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"येतील परत. तीस दिवस असतात ना हातात."

मी तिच्याकडे बघत राहिले. तीस दिवस. हे तीस दिवस एकाच ठिकाणी ऐकायला मिळाले होते, चार महिन्यांपूर्वीच्या बैठकीत. आणि ते मॅनेज्डचे होते.

मग सगळं माझ्या डोळ्यांसमोर आपोआप लागत गेलं. धाकटीला ते फोटो कुठं आहेत हे ठाऊकच नव्हतं. जुनं खातं बंद करून तिच्या हाती काय लागणार? चष्मिषलाही ठाऊक नव्हतं, असतं तर तिनं ते हलवले असते. ज्याला ठाऊक होतं असं माणूस एकच. आणि ते माणूस शनिवारी चारच्या सुमाराला गल्ल्यापाशी दहा मिनिटं एकटं होतं.

"तुम्हीच बंद केलंत," मी म्हणाले.

तिनं नाकारलं नाही. टेबलावरचा कागद सरळ केला.

"मासिकाच्या त्या बाईनं धाकटीला विचारलं, 'हे सगळे जुने फोटो तुम्ही काढलेत?' आणि ती हसली. नाही म्हणाली नाही, नुसती हसली. मी ट्रे घेऊन दारात उभी होते." थोरलीनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "म्हटलं, एक महिना राहू दे दुकानाला माझ्याशिवाय. करडं होऊ दे सगळं. कळेल त्यांना. महिना संपायच्या आत कंपनीला फोन करून परत मागवायचे."

"वहिनी," मी म्हणाले. "तीस दिवस नव्या जागेचे होते. जुन्या जागेत तसं काही नसतं. शेअर्डवर आपण खातं बंद केलं की ते तिथंच पुसतात. बॅकअप आपला आपण ठेवायचा असतो. मी कंपनीला दोनदा विचारलं. काही उरलेलं नाही."

तिनं कॅमेरा टेबलाच्या कडेला सरकवला. मग खिडकीकडे तोंड करून बसली. तिची पाठ हलत होती, आवाज नव्हता. दुसऱ्यावर जळताना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. म्हणजे आरसा सोडून.

डोळे पुसून ती वळली आणि माझा हात धरला.

"तुम्ही सांगू नका. भाऊजींचं हे घर आहे. यांच्यामागे मला दुसरं कुणी नाही. चूक त्या पोरीची तशीही झालीच आहे ना, तिनं तपासायला हवं होतं. ती तरुण आहे, तिला दुसरं काम मिळेल. तिचीच चूक म्हणा. तुमचं कामही तुम्हाला परत मिळेल."

तिनं माझ्या मनातलं वाक्य जसंच्या तसं मला दिलं होतं, वर पुण्याईचं पांघरूण घालून. एका निराधार बाईचं छप्पर वाचवायचं. कोण नावं ठेवील मला?

मी हात सोडवून घेतला नाही. "उद्या बघते," म्हणाले आणि जिना उतरले.

६

गुरुवारी चार वाजता मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. मालक गल्ल्यामागे, धाकटी स्टुलावर, थोरली जिन्याच्या पायरीवर. चष्मिष दाराशी उभी, आत यावं की नाही या विचारात.

"बोला, बाई," मालक म्हणाले. "सहाला बैठक आहे."

आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. चाळीस दुकानं मी एकेक करून मोजली होती. चपलांचं, छत्र्यांचं, चष्म्यांचं. प्रत्येक दारावर मला माझी पाटी दिसत होती. आणि चष्मिषनं बॅकअपबद्दल मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, हे सारखं टोचत होतं. तिनं मागितलं असतं, भांडली असती, तर तिला बुडवणं किती सोपं झालं असतं.

"हिचा दोष नाही," मी म्हणाले.

आणि सांगून टाकलं. फोटो कुठं होते, कसे दिसत होते, खातं कधी बंद झालं, कोड कुठं आला. दिवा धरून कोण उभं होतं, कॅमेऱ्यासमोर कोण होतं, तिसऱ्या ट्रेला कोण गेलं आणि तीस दिवसांवर कोण विसंबून राहिलं. नाव घ्यायची वेळ आलीच नाही. थोरली स्वतः उठून उभी राहिली.

"मी केलं, भाऊजी."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, तुमचीच बटणं? आठ वर्षांची? का?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण धाकटीनंच मान खाली घातली.

"मी हसले म्हणून," ती म्हणाली. "त्या बाईनं विचारलं तेव्हा मला सांगायला हवं होतं. मी तसे फोटो काढून पाहिलेत, जाऊबाई. तुम्ही वर झोपल्यावर, तुमचाच कागद घेऊन. एकही जमला नाही. म्हणून तुमचं नाव कधी घातलं नाही."

मालक खुर्चीत बसले. रागवायचं कुणावर हे त्यांना ठरवता येत नव्हतं. माझं काम झालं होतं, निघता आलं असतं. तेवढ्यात चष्मिष आत आली.

"ताई," ती म्हणाली, "शुक्रवारचा बॅकअप तुमच्याकडे असेल ना? मी मंगळवारीच मागणार होते. पण म्हटलं, तुम्ही आपणहून द्याल. मला तुमच्याकडून मागून घ्यायचा नव्हता. तीन दिवस वाट बघत होते."

थोरलीनं एकदम वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जी आशा आली, ती मला आजही विसरता येत नाही. मालक उठून उभे राहिले. धाकटीनं दोन्ही हात छातीशी धरले. चौघंही माझ्याकडे बघत होते.

नाही घेतला बॅकअप, असं म्हणता आलं असतं. डिस्क बिघडली असं म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. तपासणारी मीच होते.

"पुसला," मी म्हणाले. "काम तुझ्याकडे गेलं त्या दिवशी. रागानं. मला तुझा हेवा वाटत होता. अजून वाटतो."

थोरली पुन्हा पायरीवर बसली. ती मला काही बोलली नाही, आणि तिनं बोलायला हवं होतं.

७

बैठकीत मालक एवढंच म्हणाले, की नव्या साइटबद्दल त्यांची काही तक्रार नाही. चाळीस दुकानांचं काम चष्मिषला मिळालं. मला ते चपलांच्या दुकानदाराकडून कळलं आणि पोटात दुखलंच. कबूल केलं म्हणून हे दुखणं जात नाही, ज्यांना वाटतं जातं त्यांनी कधी कबूल करून पाहिलेलं नसावं.

शनिवारी सकाळी मी त्या रस्त्यानं जात होते. कारण काही नव्हतं. बटणांच्या दुकानाच्या काचेतून आतलं दिसलं. मधल्या टेबलावर पांढरा कागद पसरला होता. थोरली कॅमेरा घेऊन वाकलेली, धाकटी मालकांनी धरला होता तसाच छत्रीसारखा दिवा धरून उभी, आणि चष्मिष कॉम्प्युटरशी बसून प्रत्येक फोटो तिथल्या तिथं मॅनेज्डच्या जागेत चढवत होती. अकराशे चाळीसांपैकी चारशेच्या वर बटणं केव्हाच विकली गेलेली. कोणाकोणाच्या कोटांवर, कुठल्या कुठल्या गावांत लागलेली. ती परत मिळणार नव्हती. उरलेली खणांत होती. थोरली बटणाचं नाव सांगत होती, चष्मिष ते लिहून घेत होती आणि तिघी कशावर तरी हसल्या.

मला कुणी बोलावलं नव्हतं. तिथं चौथी खुर्चीही नव्हती. तरी मी पाच मिनिटं काचेपाशी उभी राहिले आणि त्या हसण्यात मी नाही याचा असा काही हेवा वाटला, की चाळीस दुकानांचाही तेवढा वाटला नव्हता.

मी दार ढकललं. तिघींनी वर पाहिलं. धाकटीनं नजर फिरवली. चष्मिषनं चष्मा वर सरकवला.

"खण मी काढून देऊ का?" मी विचारलं. "कुठला कुठं असतो ते मला ठाऊक आहे."

थोरली पुन्हा कॅमेऱ्यावर वाकली. एक बटण टिपलं. मग मान न उचलता म्हणाली, "आलाच आहात तर दार लावून घ्या. उजेड बदलतोय."

मी आत आले आणि दार लावून घेतलं.